दाताचं दुखणं दातात नसेल तेव्हा

दवाखाना टाकून मला जेमतेम दोन वर्षं झाली होती. एक तरुण आला, बावीस-तेवीस वर्षांचा, एमआयडीसीत कामाला. हिरड्या सुजलेल्या, ब्रश लावला की रक्त. मी दात साफ करून दिले, गुळण्यांचं औषध लिहून दिलं, ब्रश कसा फिरवावा यावर छोटंसं व्याख्यानही दिलं. दहा दिवसांनी तो परत आला तेव्हा हिरड्या जवळजवळ निम्म्या दातांवर चढल्या होत्या. ‘नीट घासत नाहीस’ म्हणून मी त्याला रागावलो आणि पुन्हा साफसफाईला लागलो. त्या दिवशी रक्त थांबायला पाऊण तास लागला. कापसाचा बोळा दाबून बसल्या बसल्या तो सहज म्हणाला, “डॉक्टर, हल्ली जिना चढताना दम लागतो.” तेव्हा कुठे मी त्याचे दात सोडून त्याच्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक. दंडावर काळेनिळे डाग, कुठे आपटल्याचं त्याला आठवत नव्हतं. रक्त तपासायला पाठवलं आणि संध्याकाळी लॅबमधूनच फोन आला: पांढऱ्या पेशी अफाट वाढलेल्या, प्लेटलेट अठरा हजार. रक्ताचा कॅन्सर होता.

त्याचे ते दहा दिवस माझ्या खुर्चीत गेले. त्यानंतर मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली. तोंडातल्या तक्रारीचं कारण तोंडात सापडलं पाहिजे. कीड, कीटण, टोचणारी कवळी, तुटलेल्या दाताची धार, तंबाखू, नव्याने सुरू झालेली एखादी गोळी, काहीतरी दिसलंच पाहिजे. ते दिसत नसेल, किंवा दिसलेल्या कारणावर उपचार करूनही ढिम्म फरक पडत नसेल, तर शोध तोंडाबाहेर न्यायचा. डॉक्टर ते करतीलच असं धरून चालू नका. मी केलं नव्हतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर उद्या सकाळी ब्रशवर रक्त दिसलं की तुम्ही हा लेख आठवून हबकाल. हिरड्यांतून रक्त येणाऱ्या बहुतेक सगळ्यांच्या दातांवर फक्त कीटण असतं. तोंड येतं ते बहुधा जागरणाने, ताणाने, जीभ-गाल चावला गेल्याने किंवा जीवनसत्त्वं कमी पडल्याने. आणि आपल्याकडे तोंडात जो कॅन्सर दिसतो तो मुख्यतः तोंडाचाच असतो. गुटखा, खर्रा, मावा, मिश्री आणि विडी यांनी दिलेला. राज्यात २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे, पण ती किती पाळली जाते हे कोपऱ्यावरच्या टपरीला विचारा. तीन आठवड्यांत न भरलेली जखम, खरवडून न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्ण न उघडणं, यांपैकी काही असेल तर पुढचं वाचत बसू नका, तोंड दाखवायला जा. आज बोलायचं आहे ते वेगळ्या आजारांबद्दल. त्यांचं मूळ हाडांच्या मगजात, स्तनात, फुप्फुसात किंवा आतड्यात असतं, आणि क्वचित पहिली खूण तोंडात उमटते.

तोंडातच का? तोंडाच्या आतलं अस्तर फार वेगाने नवं होत असतं, साधारण एक-दोन आठवड्यांत. शिवाय तोंडात जंतूंची वस्ती दाट. त्यांना आवरून धरायला पांढऱ्या पेशींचा पहारा रात्रंदिवस लागतो. चावताना, घासताना लागणाऱ्या बारीक ओरखड्यांवर प्लेटलेटना सारखं झाकण घालावं लागतं. मगजातलं रक्ताचं उत्पादन बिघडलं की पहारा उठतो, झाकण निघतं आणि तोंड सगळ्यात आधी कुरकुरायला लागतं.

रक्ताच्या कॅन्सरची हिरडी ओळखायची कशी? नेहमीची हिरड्यांची सूज वर्षानुवर्षं रेंगाळते, दाताच्या कडेला असते आणि जिथे कीटण तिथे जास्त दिसते. तीव्र रक्ताच्या कॅन्सरमध्ये, त्यातही मोनोसाइट या पेशींपासून होणाऱ्या प्रकारात, विकृत पेशी हिरडीतच शिरून बसतात. मग दोन-चार आठवड्यांत हिरडी सगळीकडून फुगते. ती मऊ, स्पंजासारखी लागते. रंग फिकट किंवा निळसर. रक्त येण्यासाठी ब्रश लागत नाही. सकाळी उशीच्या अभ्र्यावर डाग दिसतो, तोंडाला लोखंडासारखी चव येते. टाळूवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसू शकतात. तोंडात फोड येतात, पण त्यांच्याभोवती नेहमीची लाल कड नसते, कारण ती कड उठवायला लागणाऱ्या पांढऱ्या पेशीच उरलेल्या नसतात. सोबत थकवा, दम, येणारा-जाणारा ताप आणि अंगावर काळेनिळे डाग.

हिरडी फुगण्याची साधी कारणंही पुष्कळ आहेत आणि ती आधी तपासायची. रक्तदाबासाठी घेतली जाणारी अ‍ॅम्लोडिपिन अनेक घरांत असते. तिने काहींच्या हिरड्या वाढतात. फिटसाठीची फेनिटॉइन आणि मूत्रपिंड बदललेल्यांना द्यावं लागणारं सायक्लोस्पोरिन यांचंही तेच. गरोदरपणात हिरड्या सुजतात. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्त जास्त येतं. पावसाळ्यात डेंगीने प्लेटलेट उतरतात. म्हणून दाताच्या डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून न्या. ‘बीपीची एक छोटी पांढरी गोळी आहे’ यावरून कुठलाही डॉक्टर गोळी ओळखू शकत नाही.

यातलं काही लागू पडत नसेल तर तपासणी एकच आणि स्वस्त: सीबीसी, आणि तिच्यासोबत काचेवर रक्त पसरवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची स्मिअर तपासणी. उपाशीपोटी जावं लागत नाही. काही शे रुपयांत होते आणि त्याच दिवशी कळते. मशीन पेशी मोजतं. विकृत पेशी ओळखायला मात्र माणसाचा डोळा लागतो, म्हणून स्मिअर हवीच असं चिठ्ठीवर लिहून घ्या. प्लेटलेट साधारण दीड ते साडेचार लाख असायला हव्यात. त्या पन्नास हजारांच्या खाली असतील तर दात उपटण्याआधी रक्तविकारतज्ज्ञाशी बोलावंच लागतं. आणि हा अहवाल हातात येईपर्यंत दात काढू देऊ नका, हिरडी कापू देऊ नका.

घाई कशासाठी, हे एका उदाहरणाने सांगतो. तीव्र रक्ताच्या कॅन्सरचा प्रोमायलोसायटिक नावाचा एक प्रकार आहे. त्यात रक्त गोठण्याची सगळी यंत्रणाच कोलमडते, त्यामुळे हिरड्यांतून किंवा दात काढलेल्या जागेतून न थांबणारं रक्त ही त्याची पहिली खूण असू शकते. एके काळी हा सगळ्यात जीवघेणा प्रकार मानला जाई. मग चीनमधल्या डॉक्टरांनी ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणारं एक औषध आणि चक्क सोमल, म्हणजे आर्सेनिक, यांचा उपयोग दाखवून दिला. आज ही दोन्ही एकत्र देऊन नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होऊ शकतात. अट एवढीच की रुग्ण पहिल्या काही दिवसांतल्या रक्तस्रावातून वाचला पाहिजे. ‘चार दिवस हळद-मीठ लावून बघू’ हे एरवी निरुपद्रवी आहे. इथे त्या चार दिवसांची किंमत फार मोठी असते.

आता हनुवटी.

खालच्या जबड्याच्या हाडात एक नस दाढांखालून पुढे येते आणि उपदाढांच्या खाली एका बारीक छिद्रातून बाहेर पडून हनुवटीला आणि खालच्या ओठाला संवेदना देते. या नसेवर कुठेही दाब आला की अर्धी हनुवटी आणि अर्धा ओठ बधिर होतो. दाढ काढताना दिलेलं बधिरतेचं इंजेक्शन उतरतंय असं वाटतं, फक्त इंजेक्शन कोणी दिलेलंच नसतं. पुरुषांना दाढी करताना कळतं: ब्लेड लागलं, रक्त आलं, पण चुरचुरलं नाही. बायका सांगतात की चहा ओठावरून ओघळला आणि साडीवर पडल्यावर समजलं. दुखत नाही. सूज नाही. म्हणूनच कोणी मनावर घेत नाही. ‘वारं लागलं असेल’ म्हणून त्यावर तेल चोळलं जातं.

चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने १८३० साली स्तनाचा कॅन्सर असलेल्या एका वृद्धेच्या बाबतीत ही बधिरता नोंदवून ठेवली आहे. जवळपास दोनशे वर्षं झाली, तरी हे लक्षण आजही नजरेतून सुटतं. स्तनाचा कॅन्सर, लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर), फुप्फुसाचा किंवा प्रोस्टेटचा कॅन्सर जबड्याच्या हाडात किंवा कवटीच्या तळाशी पसरला की ही नस दबते. कधी कधी पूर्वी बरा झालेला आजार परत आल्याची ही पहिली सूचना असते.

इथे मला दवाखान्यातल्या एका फॉर्मची आठवण येते. ‘पूर्वीचे आजार’ या रकान्यात साठीच्या एका बाईंनी ‘काही नाही’ असं लिहिलं होतं. हनुवटी बधिर झाली म्हणून आल्या होत्या. दात सगळे ठीक. बोलता बोलता, तेही सूनबाई बाहेर गेल्यावर, त्यांनी सांगितलं की सात वर्षांपूर्वी छातीचं ऑपरेशन झालं होतं. “दाताशी त्याचा काय संबंध, म्हणून नाही लिहिलं,” असं म्हणाल्या. संबंध होता. कॅन्सर होऊन गेला असेल, मग तो दहा वर्षांपूर्वी का असेना, दाताच्या डॉक्टरला तो पहिल्या भेटीतच सांगा. लाज वाटत असेल तर कागदावर लिहून द्या.

बधिर हनुवटीचीही साधी कारणं आहेतच. अक्कलदाढ काढल्यानंतर, इम्प्लांट बसवल्यावर किंवा रूट कॅनालचं औषध खाली उतरल्यावर असं होतं; मुळाशी साचलेल्या पुवानेही होतं. विदर्भात आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागात सिकलसेल आहे. त्याच्या वेदनेच्या झटक्यात जबड्याच्या हाडातला रक्तपुरवठा अडून हनुवटी बधिर होऊ शकते, तिथल्या वाचकांनी हे लक्षात ठेवावं. पण हाताशी असं कारण नसेल तर वाट पाहायची नाही. आणि साध्या एक्स-रेवर समाधान मानायचं नाही. हाडातला तीस ते पन्नास टक्के चुना गेल्याशिवाय एक्स-रेमध्ये पोकळी दिसत नाही. ‘फोटो चांगला आहे’ याचा अर्थ हाड चांगलं आहे असा होत नाही. जबडा आणि कवटीचा तळ दोन्ही दिसतील असा एमआरआय लागतो. तो करायचा की नाही हे फिजिशियन किंवा कॅन्सरतज्ज्ञ ठरवतील. तुमचं काम त्यांच्यापर्यंत पोहोचायचं.

दूरचा कॅन्सर तोंडात येऊन बसणं दुर्मीळ आहे, तोंडातल्या एकूण कॅन्सरपैकी साधारण एक टक्का. तो बहुतेकदा खालच्या जबड्यात, दाढांच्या मागच्या भागात बसतो, नाहीतर हिरडीवर लालसर गाठ म्हणून उगवतो. यातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत मूळ आजार तोवर कुणालाच माहीत नसतो. तोंडातली गाठच पहिल्यांदा बोलते. फसवणूक कशी होते पाहा. एकच दात हलायला लागतो. बाकीच्या हिरड्या घट्ट, कीटणही फारसं नाही. ‘हलतोय तर काढून टाकू’ म्हणून तो काढला जातो. दात काढलेल्या जागेवर एरवी दोन-तीन आठवड्यांत हिरडी मिटते. इथे ती मिटत नाहीच, उलट खड्ड्यातून मांसाचा गोळा वर यायला लागतो. ‘मटण चावताना लागलं असेल’ हे स्पष्टीकरण एकदाच चालतं. दुसऱ्यांदा गोळा वाढलेला दिसला की त्याचा तुकडा काढून तपासलाच पाहिजे. तुकडा काढल्याने आजार पसरतो ही समजूत खोटी आहे, आणि या समजुतीने आपल्याकडे फार नुकसान केलं आहे.

लहान मुलांचं वेगळं सांगतो. दुधाचे दात साधारण सहाव्या वर्षी हलायला लागतात. तीन-चार वर्षांच्या मुलाचे मागचे दात, पडल्या-आपटल्याशिवाय, हलत असतील तर ‘लवकर मोठा झालाय’ असं म्हणून हसू नका. जबड्याचा फोटो काढून घ्या. मूल फिकट, चिडचिडं, पाय दुखतात म्हणून चालायला नको म्हणणारं आणि हिरड्यांतून रक्त येणारं असेल तर त्याच दिवशी सीबीसी.

मुलांच्या जबड्यावरून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५७ साली युगांडात, कंपालाच्या मुलागो रुग्णालयात डेनिस बर्किट नावाच्या आयरिश शल्यचिकित्सकाला पाच वर्षांचं एक मूल दाखवलं गेलं. त्याचे जबडे एका बाजूने नव्हे, वर-खाली दोन्हीकडे, चारही कोपऱ्यांत सुजले होते. चार ठिकाणी एकाच वेळी पू होईल कसा, असा साधा प्रश्न बर्किटला पडला. मग दुसऱ्या गावी तसंच मूल दिसलं, आणि त्याचं पोट तपासलं तर तिथेही गाठी. जबड्याची आणि पोटाची, अशा निरनिराळ्या समजल्या जाणाऱ्या गाठी हा एकच आजार आहे, हे त्याने असं जोडत नेलं आणि १९५८ साली लिहिलं. त्याच्याच नमुन्यांवर काम करताना लंडनमध्ये १९६४ साली माणसात कॅन्सर घडवू शकणारा पहिला विषाणू, एपस्टीन-बार, सापडला. आपल्याकडे हा लिम्फोमा जबड्यापेक्षा पोटात जास्त दिसतो. बर्किटकडे त्या वेळी कुठलं महागडं यंत्र नव्हतं. ‘दाताच्या सुजेसारखी ही सूज वागत नाही’ एवढं त्याला खटकलं.

आता जीभ. आपल्या घरांत जीभ लाल झाली, तिखट झोंबायला लागलं की निदान तयार असतं: उष्णता. मग गुलकंद, सब्जा, जाईचा पाला चावायचा आणि मेडिकलवाल्याकडून बी-कॉम्प्लेक्स. पुष्कळदा बरंही वाटतं, कारण ब-१२ची कमतरता आपल्याकडे सर्रास आहे, विशेषतः शाकाहारी लोकांत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत. जिभेवरचे बारीक काटे झडून ती गुळगुळीत, चकचकीत होणं आणि ओठांच्या कोपऱ्यांत चिरा पडणं ही लोह किंवा ब-१२ कमी झाल्याची खूण. पाळी चालू असलेल्या बाईच्या अंगात लोह कमी असणं आपल्याकडे नवलाचं नाही. पण पन्नाशी ओलांडलेला, नीट जेवणारा पुरुष किंवा पाळी जाऊन वर्षं झालेली बाई यांचं लोह गेलं कुठे? ते बहुधा पोटातून, आतड्यातून थेंबथेंब चाललेलं असतं. कारण मूळव्याध किंवा अल्सर असू शकतं, वेदनाशामक गोळ्याही असू शकतात. पण मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूचा कॅन्सर नेमका असाच वागतो: दुखत नाही, शौचाला डोळ्यांना दिसेल असं रक्त नाही, माणूस फक्त पांढरा पडत जातो. अशा वेळी लोहाच्या गोळ्या घेऊन हिमोग्लोबिन वाढलं की डॉक्टर खूश, आपण खूश, आणि गळती तशीच. वय पन्नाशीच्या पुढे असेल तर गोळ्यांबरोबरच ‘रक्त जातंय कुठून’ हे विचारा. शौचाची तपासणी, आणि डॉक्टर म्हणतील तर दुर्बिणीने पोटाची व आतड्याची, करून घ्या. लोह कमी आणि त्याच्या जोडीला घास घशाशी अडकत असेल, तर तीही तपासणी लांबवू नये. अशा बायकांत अन्ननलिकेच्या तोंडाशी कॅन्सर होण्याचा धोका जास्त असतो.

जीभ मोठी होणं हे आणखी वेगळं. जिभेच्या कडांवर दातांचे ठसे तर कुणाकुणाला जन्मभर असतात, त्यात काही नाही. पण साठीच्या आसपास, काही महिन्यांत, जीभ जाड आणि कडक होऊन तोंडात मावेनाशी झाली, बोबडं बोलणं सुरू झालं, डोळ्यांभोवती आपोआप जांभळे डाग पडायला लागले, तर अमायलॉइड नावाचं प्रथिन जिभेत साठत असण्याची शक्यता असते. ते मगजातल्या बिघडलेल्या पेशी बनवतात. मल्टिपल मायलोमा या कॅन्सरचं हे नातलग. मायलोमाची पाठदुखी आपल्याकडे मणक्याचं दुखणं म्हणून महिनोन्‌महिने शेकली जाते. पाठदुखी, थकवा आणि जबड्याच्या फोटोत गोल पोकळ्या हे तीन एकत्र दिसले की रक्तातल्या प्रथिनांची तपासणी सांगितली जाते.

तोंडात दह्यासारखा पांढरा थर, पुसला की निघून येणारा, ही बुरशी. बाळांना होते, कवळी रात्री न काढणाऱ्यांना होते, दम्याचा पंप ओढून चूळ न भरणाऱ्यांना होते, साखर वाढलेल्यांना होते. यातलं काही नसलेल्या धडधाकट माणसाला ती वारंवार झाली तर साखर, सीबीसी आणि एचआयव्ही या तीन तपासण्या करून घ्याव्यात. संकोच बाजूला ठेवून.

काही खुणा जन्मजात दोषाच्या असतात आणि त्या घराण्यात चालत येतात. लहानपणापासून ओठांवर आणि गालाच्या आत शाई शिंपडल्यासारखे तपकिरी-काळे ठिपके, त्यात मधूनमधून पोटात कळा: हा प्रकार हॉलंडच्या पॉइट्झ यांनी १९२१ साली आणि अमेरिकेच्या जेघर्स यांनी १९४९ साली मांडला. अशांच्या आतड्यात गाठी होतात आणि पुढे आतडं, स्तन, स्वादुपिंड यांच्या कॅन्सरचा धोका वाढतो. वयानुसार ओठांवरचे ठिपके फिके पडतात, गालाच्या आतले राहतात. (सावळ्या माणसाच्या हिरड्यांचा काळसरपणा हा नुसता रंग आहे, त्याची धास्ती नको.) जबड्यावर हाडाचे टणक उंचवटे, वर जास्तीचे दात किंवा हाडात अडकून बसलेले अनेक दात, आणि घरात कुणी तरुणपणी आतड्याच्या कॅन्सरने गेलेलं, असा मेळ जुळला तर आतड्याची तपासणी विशीच्या आतच सुरू करावी लागते. उपचार न केल्यास या घराण्यांत आतड्याचा कॅन्सर जवळपास ठरलेला असतो.

तोंड आणि डोळे दोन्ही सतत कोरडे पडण्याच्या श्योग्रेन आजारात कानाखालची लाळग्रंथी सुजून राहिली तर दाखवावी. यातल्या साधारण पाच टक्के रुग्णांना पुढे लिम्फोमा होतो. आणि ओठांसकट सगळं तोंड सोलवटून निघालं, रक्ताळलेल्या खपल्या धरल्या, स्टेरॉइडनेही हटेना, तर त्वचारोगतज्ज्ञ पोटाचा आणि छातीचा स्कॅन का सांगतात हे समजून घ्या: लपलेल्या लिम्फोमाची ती प्रतिक्रिया असू शकते.

मोबाइलवर फिरणारी ‘जिभेच्या रंगावरून कॅन्सर ओळखा’ छापाची चित्रं सोडून द्या. हिरड्यांतल्या जंतूंचा आतड्याच्या आणि स्वादुपिंडाच्या कॅन्सरशी संबंध तपासणारं संशोधन चालू आहे, तिथे तेच जंतू सापडलेही आहेत. पण त्यावरून सुजलेल्या हिरडीला कॅन्सरची खूण म्हणता येत नाही. मनाने ‘कॅन्सर मार्कर’चं पॅकेज करून घेऊ नका. ते थोडं वर आलं की झोप उडते आणि नॉर्मल आलं की खोटा धीर येतो.

त्यापेक्षा महिन्यातून एकदा आरशासमोर पाच मिनिटं उभं राहा. मोबाइलचा टॉर्च पुरतो. कवळी काढून ठेवा. ओठ उलटून, गाल बाजूला ओढून पाहा. जीभ रुमालात धरून दोन्ही कडा पाहा. टाळूवर उजेड टाका. हनुवटीच्या दोन्ही बाजूंवर कापसाचं टोक फिरवा, सारखंच जाणवतं का ते बघा. मग बोटांनी जबड्याखाली, मानेवर आणि हासळीच्या हाडाच्या वर चाचपा. दात सुजला की येणारं अवधाण, म्हणजे गाठ, दुखतं आणि दात बरा झाला की उतरतं. न दुखणारी, कडक, तीन आठवड्यांनंतरही राहिलेली गाठ दाखवायची. डाव्या हासळीच्या वरची तर लगेच, कारण पोटातला कॅन्सर तिथवर येऊन पोहोचतो. काही वेगळं दिसलं तर त्याच जागी, तशाच उजेडात दर आठवड्याला फोटो काढा. ‘वाढलंय की तेवढंच आहे’ हा डॉक्टरचा पहिला प्रश्न असतो आणि रुग्णाला ते कधीच नक्की सांगता येत नाही.

जायचं कुणाकडे? आधी तुमच्या नेहमीच्या दंतवैद्याकडेच. दोन भेटींत कारण सापडलं नाही तर ‘ओरल मेडिसिन’ या शाखेचे तज्ज्ञ विचारा; मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी दंत महाविद्यालयांत तो विभाग असतो आणि तिथे खर्चही कमी येतो. सीबीसी बिघडलेली असेल तर दातांचा नाद सोडून थेट फिजिशियन किंवा रक्तविकारतज्ज्ञ. निदान झालंच तर उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचा समावेश आहे, त्यामुळे रेशनकार्ड आणि आधार हाताशी ठेवा.

राहिली ज्यांचे कॅन्सरचे उपचार चालू आहेत त्यांची गोष्ट. आजार हाडांत उतरला असेल तर हाडं बळकट करणारं इंजेक्शन देतात, बहुतेकदा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅब. औषध चांगलं आहे, पण ते सुरू झाल्यावर दात काढला तर जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो, हाड उघडं पडून सडू शकतं. म्हणून पहिलं इंजेक्शन ठरलं की त्याआधी तोंड दाखवून घ्या. जो दात टिकणार नाही तो तेव्हाच काढायचा, जागा भरेपर्यंत थांबायचं, इंजेक्शन नंतर. एवढा वेळ देता येईल का, हे कॅन्सरतज्ज्ञाला विचारून घ्या, आणि दोन्ही डॉक्टरांचे फोन नंबर एकमेकांना द्या.